'टू स्पायसी' हे कौतुक नव्हे



तुमच्यातले काही गट मुंबईला 'महालक्ष्मी सरस'मध्ये स्टॉल लावतात, काही जणी व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेतात. म्हणून या वेळी एकच इंग्रजी शब्द घेऊ: टू. स्पेलिंग टी, ओ, ओ. शब्द एवढासा, पण विक्रीत नडतो.

गिऱ्हाईक ठेचा चाखून "व्हेरी स्पायसी" म्हणालं, तर अर्थ एवढाच की खूप तिखट आहे. त्याला आवडला असेल किंवा नसेलही, चेहरा बघा. पण "टू स्पायसी" म्हणालं तर समजायचं, त्याला सोसेल त्यापेक्षा तिखट झालाय. ही तक्रार आहे. त्यावर आपण "थँक्यू" म्हणून हसलो, की गिऱ्हाईक शेजारच्या स्टॉलवर!

गोंधळ होतो कारण आपलं 'फार' दोन्हीकडे चालतं. "साडी फार छान आहे" हे कौतुक, आणि "भाजीत मीठ फार झालं" ही तक्रार. इंग्रजीत त्याला दोन वेगळे शब्द आहेत. मला विचाराल तर 'टू'च्या सगळ्यात जवळचा आपला 'च' आहे. "जरा जास्तच तिखट झालंय गं," यातल्या 'च'मध्ये जी नाराजी असते, तीच 'टू'मध्ये असते.

म्हणून 'टू'च्या पुढचा शब्द नीट ऐका. काय नडतंय ते गिऱ्हाईक स्वतःच सांगत असतं. "टू स्पायसी" म्हटलं तर "लेस स्पायसी" म्हणून शेंगदाण्याची चटणी पुढे करा. "टू बिग" म्हटलं तर अर्ध्या किलोऐवजी पाव किलोचं पाकीट दाखवा. "टू कॉस्टली" म्हणजे त्यांच्या हिशोबापेक्षा महाग. लगेच भाव पाडू नका, आधी छोटं पाकीट दाखवा.

कॉलेजची पोरं मात्र "टू गुड" म्हणतात, ते कौतुकच असतं. तिथे खुशाल हसा.

हाच 'टू' वाक्याच्या शेवटी आला तर अर्थ बदलतो. "धिस टू" म्हणजे "हे पण द्या". आणि दोन आकड्याचा 'टू' (टी, डब्ल्यू, ओ) ऐकायला अगदी तसाच! त्यात व्हॉट्सॲपवर घाईत लोक "2 स्पायसी" असंही लिहितात. ती दोन तिखट पाकिटांची ऑर्डर आहे की तक्रार, हे फोन करून विचारा, मगच पार्सल बांधा.