औषधी दुकानाबाहेरील औषधविक्री आणि वैद्याचे कर्तव्य

राहात्याच्या आठवडे बाजारातून फेरफटका मारला असता औषध किती ठिकाणी विकले जाते, हे सहज ध्यानी येते. किराणा दुकानात हिंग-ओव्याच्या शेजारी हिंग्वाष्टक व त्रिफळा चूर्ण असते, काष्ठौषधींच्या दुकानात सुट्या मुळ्या-साली मिळतात आणि टपरीवर डोकेदुखीची गोळी पट्टीतून कापून दिली जाते. रुग्ण आपल्याकडे येतो तो पुष्कळदा या साऱ्या वाटा चालून झाल्यावर. या विक्रीविषयी कायदा काय सांगतो आणि वैद्याने काय करावे, याचा विचार येथे करीत आहोत.

कायद्याची स्थिती

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० व त्याखालील १९४५ च्या नियमांनुसार ॲलोपॅथिक औषधाच्या किरकोळ विक्रीस परवाना लागतो. अनुसूची ‘के’मध्ये पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन, वेदनाशामक बाम, ग्राइप वॉटर इत्यादी घरगुती औषधांना सवलत आहे, परंतु ती १००० पर्यंत लोकसंख्येच्या खेड्यापुरतीच. माल परवानाधारकाकडून घेतलेला असावा व मूळ वेष्टन न फोडता विकावा, अशाही अटी आहेत. राहाता हे नगरपरिषदेचे गाव असल्याने ही सवलत येथे लागू होत नाही. पट्टी कापून गोळी देणे तर लहान खेड्यातही या सवलतीत बसत नाही.

आयुर्वेदीय औषधांची स्थिती निराळी आहे. त्यांच्या निर्मितीस परवाना लागतो, विक्रीस लागत नाही. परवानाधारक उत्पादकाचे त्रिफळा चूर्ण किराणा दुकानदाराने विकणे पूर्णतः कायदेशीर आहे.

खरी अडचण

अनुसूची ‘ई-१’मध्ये वत्सनाभ, कुचला, भल्लातक, जयपाल, पारद, हिंगूळ इत्यादी विषारी द्रव्ये नमूद आहेत. ती असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधाच्या वेष्टनावर, ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना इंग्रजी व हिंदीत छापणे नियम १६१ नुसार बंधनकारक आहे. त्रिभुवनकीर्ती, संजीवनी वटी, इच्छाभेदी रस हे योग याच वर्गातील होत. सूचना छापणे सक्तीचे असले, तरी चिठ्ठीवाचून असे औषध विकू नये, असे बंधन विक्रेत्यावर नाही. योग्य योजनेने तीक्ष्ण विषही उत्तम औषध होते, हा विचार चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पहिल्याच अध्यायात आला आहे. ती योजना करणाराच मधून वगळला गेला, तर उरते ते केवळ विष.

म्हणून सर्वच आयुर्वेदीय औषधे औषधी दुकानातच विकावीत, ही मागणी आम्हांस मान्य नाही. वाडीवस्तीवरील गृहिणीला अपचनावर हिंग्वाष्टक मिळावे, हेच इष्ट. मात्र ‘ई-१’ द्रव्यांचे योग वैद्याच्या चिठ्ठीवरच मिळावेत, असा आग्रह व्यवसायबांधवांनी धरला पाहिजे.

चिकित्सालयातील आचरण

पहिली गोष्ट प्रश्नपरीक्षेची. रुग्णास ‘कोणते औषध चालू आहे?’ एवढेच विचारून भागत नाही. किराणा दुकान, बाजार, टपरी येथून काय आणले, हे स्वतंत्रपणे विचारावे व वेष्टन आणावयास सांगावे. त्यावर उत्पादकाचा परवाना क्रमांक, घटकद्रव्ये व मुदत पाहावी.

दुसरी गोष्ट सांधेदुखीवरील निनावी चूर्णांची. दोन दिवसांत विलक्षण गुण, वाढती भूक, चेहऱ्यावर सूज, अनपेक्षितपणे वाढलेली रक्तशर्करा ही लक्षणे दिसल्यास चूर्णात स्टिरॉइड मिसळल्याची शंका घ्यावी. असे चूर्ण दीर्घकाळ घेतलेल्या रुग्णास ते एकाएकी बंद करण्यास सांगू नये. तीव्र अशक्तता येऊन रक्तदाब घसरण्याचा धोका असतो. अशा रुग्णास नमुन्यासह विनाविलंब रुग्णालयात पाठवावे आणि अन्न व औषध प्रशासनास कळवावे.

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या पुडीची. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध सिद्ध करणाऱ्या वैद्यास कायद्याने निर्मिती-परवान्यातून मोकळीक दिली आहे. तो आपल्यावरील विश्वास आहे. तरीही आपल्यापैकी कित्येकांच्या पुडीवर औषधाचे नाव नसते, मात्रा नसते, तारीख नसते. बाजारातील निनावी चूर्ण आणि वैद्याची निनावी पुडी यांतील भेद रुग्णाने कशावरून ओळखावा?

टपरीवाल्यास दोष देण्यापूर्वी आपल्या पुडीवर औषधाचे नाव लिहिण्याची सवय आपण लावून घ्यावी. चिठ्ठीची मागणी करण्याचा अधिकार त्यानंतरच आपणांस शोभेल.