शिक्षा, पण चारचौघांत नको

इटलीतील संत जॉन बॉस्को नऊ वर्षांचे असताना त्यांना स्वप्न पडले. शिव्या देणाऱ्या मुलांना ते गुद्दे मारत होते. तेव्हा मारून नव्हे, मायेने त्यांना जिंक, असे त्यांना सांगण्यात आले. पुढे १८७७ साली त्यांनी आपली शिक्षणपद्धती लिहून काढली. नियम मुलांना आधी समजावून सांगावेत. मारू तर नयेच. त्याने मूल चिडते आणि मारणाऱ्याचीच किंमत उतरते. शिक्षा द्यावीच लागली तर एकांतात, सोबत्यांसमोर नको.

आपण नेमके इथेच चुकतो. पाहुण्यांसमोर मुलाचे मार्क काढतो, धर्मशिक्षणाच्या वर्गात त्याला उभे करतो. दगदग कामाची, राग मात्र त्याच्यावर! मूल गप्प बसते आणि आपण त्यालाच आदर समजतो. काल आपले चुकले असेल, तर आज रोझरीनंतर त्याला जवळ घेऊन तसे सांगायला काय हरकत आहे?