वक्राची टोकं सांभाळ

बाळ, नाशिकला राहून हिमोग्लोबिनवर काम करणार आहेस, तर सुरगाणा-पेठकडच्या पाड्यांतला सिकलसेल आज ना उद्या तुझ्या टेबलावर येणारच. त्याआधी हे ऐकून ठेव.

ऑक्सिजनचा दाब आणि संपृक्तता यांच्या वक्रावर हिलचं समीकरण जरूर बसव. १९१० सालचं ते सूत्र अजून कामाचं आहे. पण त्यातल्या ‘एन’ला जागांची संख्या समजू नकोस. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन धरायच्या जागा चार, एन मात्र २.८च्या आसपास. जागा एकमेकींना किती साथ देतात, एवढंच तो सांगतो.

मोजमापं कुठे घ्यायची ते आधी ठरव. एन १ असता तर संपृक्तता १० टक्क्यांवरून ९० वर न्यायला दाब ८१ पट वाढवावा लागला असता, २.८ असताना जेमतेम पाचपट पुरतो. सगळा चढ अरुंद पट्ट्यात उरकतो. म्हणून दाब समान अंतराने नको, समान पटीने वाढव. तरी टोकं सोडू नकोस. हिलचं सूत्र मध्यावर चोख बसतं आणि टोकांना फसतं, आणि पहिल्या व शेवटच्या ऑक्सिजनची ओढ तर टोकांनाच कळते. चार ऑक्सिजन एकेक करून जोडले जाण्याचे अडेअरचे चार स्थिरांक काढायचे असतील तर ते बिंदू हवेतच.

लॉग घेऊन सरळ केलेल्या रेषेवर गणित करू नकोस, ती नुसती बघायला ठेव. ९८च्या जागी ९९ टक्के वाचलंस, तर ज्याचा लॉग घेतो ते भरलेल्या-रिकाम्या जागांचं गुणोत्तर ४९ वरून थेट ९९ वर जातं. मूळ आकड्यांवरच वक्र बसव. शेजारी वक्र सरकवणारे पीएच, तापमान आणि तांबड्या पेशीतलं बीपीजी लिहिल्याशिवाय उठायचं नाही.

सिकलसेलमध्ये खरी कसोटी आहे. सौम्य द्रावणात सिकलसेलच्या एस आणि साध्या हिमोग्लोबिनचे वक्र जवळजवळ सारखेच येतात. तांबड्या पेशीत मात्र दाटी असते. ऑक्सिजन सोडलेले एसचे रेणू एकमेकांना चिकटून तंतू होतात, तंतूतला रेणू ऑक्सिजन सहजी धरत नाही, आणि वक्र उजवीकडे सरकतो. तिथे एकट्या रेणूचं मॉडेल अपुरं पडतं. तंतू बनण्याची पायरी समीकरणात घाल आणि मोजमाप अख्ख्या रक्तावर घे. आपल्याकडच्या रुग्णांत गर्भावस्थेतलं एफ हिमोग्लोबिन बरेचदा जास्त असतं. तेही आधी मोजून घे, कारण वेगवेगळ्या ओढीच्या रेणूंच्या मिश्रणाने वक्र पसरतो आणि एन उगाच कमी दिसतो.