उद्याच्या वाहतुकीचा अंदाज आणि आपला नवा जिल्हा

दिवाळीचा माल श्रावणातच ठरवावा लागतो. पोळ्याच्या सुमारास पऱ्हाटी कशी उभी आहे, आंबिया बहाराची फळे झाडावर किती टिकली आहेत, ह्यावरून शेतकऱ्याच्या हाती किती पैसा खेळेल हे पेढीवर बसलेला मनुष्य ताडतो व त्या मानाने खरेदी करतो. रस्ते, पूल, बसस्थानके व बाजारपेठा ह्यांच्या योजना आखतानाही असाच अंदाज बांधावा लागतो. तो बांधण्याचे एक स्वतंत्र शास्त्र आहे. ते अभियंत्यांचे शास्त्र खरे. परंतु त्याचा निकाल शेवटी आपल्या दुकानाच्या उंबरठ्यापाशी येऊन उभा राहतो. म्हणून व्यापारी बंधूंस व त्यांच्या कुटुंबीयांस त्याची ओळख असावी, ह्या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

निमित्त आपल्या घरचेच आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा व सौंसर हे तालुके वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. नकाशाकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. पांढुर्णा बैतूल–नागपूर मार्गावर वसले आहे. नागपूर–इटारसी लोहमार्ग व आजचा राष्ट्रीय महामार्ग ४७ हे त्याचे दोन हात. सौंसर छिंदवाडा–नागपूर मार्गावर वसले आहे. दोन्ही गावांची तोंडे पिढ्यान्‌पिढ्या नागपूरकडे. सरकारी काम निघाले की छिंदवाड्याकडे. एकमेकांकडे येण्याजाण्याचे कारण त्या मानाने थोडे. आता कायद्याने ही दोन गावे एका घरात आली आहेत. मग ह्या दोहोंमधील रस्त्यावर दहा वर्षांनी किती वाहने धावतील?

ह्या प्रश्नाचे सोपे वाटणारे उत्तर असे की, रस्त्याच्या कडेला माणूस बसवावा, आजची वाहने मोजावीत व दरवर्षी शेकडा अमुक वाढ धरून गुणाकार करावा. पूर्वी सर्वत्र असेच करीत. परंतु मोजणी सांगते ती झालेली वाहतूक; होऊ पाहणारी वाहतूक तिला दिसत नाही. सौंसरचेच उदाहरण घ्यावे. छिंदवाडा–नागपूर ही छोट्या रुळांची गाडी रुंदीकरणासाठी २०१५ च्या अखेरीस बंद झाली. पुढील काही वर्षे जो प्रवासी मोटारीने गेला, तो सर्वच मोटारीचा हौशी होता असे नव्हे; त्याला गाडीच नव्हती. त्या काळातील रस्त्यावरील आकडे जसेच्या तसे वाढवीत नेले, तर मोठा मार्ग सुरू झाल्यानंतरचा हिशेब चुकणारच. पथकर नाक्यावरील फास्टॅगनेही ही अडचण फिटत नाही. गाडी केव्हा गेली हे त्यावरून कळते. ती कोणत्या घरून निघाली व कशासाठी निघाली, हे कळत नाही.

अमेरिकेत १९५३ साली डेट्रॉइट येथे व पाठोपाठ शिकागो येथे जी मोठी पाहणी झाली, तिच्यापासून ह्या शास्त्राने निराळे वळण घेतले. वाहतूक रस्त्यावर उपजत नाही, ती जमिनीच्या उपयोगातून उपजते, हा तिचा मूळ विचार. घर, शाळा, मंडी, कचेरी, कारखाना ही वाहतुकीची उगमस्थाने होत. म्हणून प्रथम शहराचे विभाग पाडून प्रत्येक विभागातून किती फेऱ्या निघतील व किती येतील हे ठरवितात. ह्यासाठी घरोघर जाऊन विचारणा करावी लागते : कुटुंबात माणसे किती, कमावती किती, वाहन आहे की नाही, काल कोण कोठे गेले. (आपल्या श्रावकव्रतांत दिग्व्रत आहे, अमुक दिशेस अमुक मर्यादेपलीकडे जाणार नाही, असा नियम घेणारा गृहस्थ गणकास क्वचितच भेटत असेल.) त्यानंतर कोणत्या विभागातील फेरी कोणत्या विभागात जाईल, ती पायी, दुचाकीने, बसने की आगगाडीने होईल आणि शेवटी कोणत्या रस्त्याने होईल, अशा क्रमाने हिशेब पुढे सरकतो.

ह्यांपैकी दुसरी पायरी व्यापाऱ्यास विशेष जवळची आहे. १९३१ साली विल्यम रायली ह्या अमेरिकी अभ्यासकाने किरकोळ व्यापाराच्या आकर्षणाचा नियम मांडला. दोन शहरे मधल्या गावाचे गिऱ्हाईक ओढतात ते लोकसंख्येच्या सम प्रमाणात व अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. अंतर दुप्पट झाले की ओढ चौथाईवर येते. लग्नाचा बस्ता बांधण्यास आपल्याकडील मंडळी सुमारे शंभर किलोमीटर ओलांडून नागपुरास का जातात, ह्याचे कोडे ह्या नियमाने बरेचसे उलगडते. २०११ च्या जनगणनेत नागपूरची वस्ती २४ लाखांवर होती. पांढुर्ण्याची सुमारे ४५ हजार. इतकी मोठी पेठ शंभर किलोमीटरवरूनही ओढते. मात्र मीठ, तेल, धान्य ह्यांसाठी कोणी नागपूर गाठीत नाही. म्हणजे जिन्नस बदलला की अंतराची धारही बदलते. चांगले गणित प्रत्येक हेतूसाठी निराळे प्रमाण धरते.

आणि येथेच आपल्या जिल्ह्याचा पेच आहे. खरेदीदार निवड करतो; पक्षकार करीत नाही. सौंसरकडील शेतकऱ्याचे काम ज्या कचेरीत आहे, तेथेच त्याला जावे लागते. अंतर, लोकसंख्या, आकर्षण ह्यांचा तेथे काही इलाज चालत नाही. ह्या सक्तीच्या फेऱ्या जुन्या मोजणीत शोधूनही सापडावयाच्या नाहीत, कारण कालपर्यंत त्या छिंदवाड्याच्या रस्त्यावर होत्या. त्या स्वतंत्रपणे, तालुकानिहाय व कचेरीनिहाय अंदाजाव्या लागतील. शिवाय कामासाठी आलेला मनुष्य रिकाम्या हाताने परतत नाही. कचेऱ्या गावालगत, पायी जाण्याजोग्या राहिल्या तर तो पेठेतून जाईल. महामार्गालगत दूर गेल्या तर तेथेच उपाहारगृहे, छायाप्रतींची दुकाने, कापडाची दुकाने उभी राहतील आणि जुन्या पेठेच्या फेऱ्या घटतील. जागेचा निर्णय हाच वाहतुकीचा निर्णय असतो. तो झाल्यावर निवेदने देण्यात फारसा अर्थ उरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याही पदरात थोडा दोष घ्यावा लागेल. नवा रस्ता झाला की त्याच्या दोन्ही अंगांस दुकानांची रांग लावण्याची आपली घाई असते. दुकाने गिऱ्हाईक आणतात, गिऱ्हाईक वाहने आणते, वाहने थांबतात आणि वळणरस्ता म्हणून बांधलेला रस्ता बाजाररस्ता होऊन बसतो. मग दुसऱ्या वळणरस्त्याची मागणी सुरू होते.

मोजणी केव्हा करावी हेही महत्त्वाचे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या संकेताप्रमाणे गावाबाहेरील रस्त्यांवर वर्षातून किमान दोन वेळा, सलग सात दिवस मोजणी व्हावी. एकदा सुगीच्या व विक्रीच्या भरात, एकदा मंदीत. आमच्याकडे हा संकेत अक्षरशः पाळला पाहिजे. आंबिया बहाराची संत्री साधारण दिवाळीच्या आगेमागे निघू लागतात, मृग बहाराची उन्हाळ्याच्या तोंडी. त्यांत कापसाच्या गाड्यांची भर. ज्येष्ठातील मोजणीवर विसंबून मंडीचा रस्ता आखला तर तो कार्तिकात तुंबेल. उलट पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला, जाम नदीकाठी आकडे घेतले तर ते कोणत्याच कामाचे नाहीत. चातुर्मासात मुनिसंघ ज्या गावी असेल तेथील दर्शनार्थींची रीघ, मुक्तागिरीची यात्रा, जामसावळीच्या मारुतीची गर्दी ह्यांची नोंद निराळी ठेवावी.

वाहनेही नगावर मोजून भागत नाही. त्याच काँग्रेसच्या कोष्टकात मोटारकार एक धरली तर दुचाकी अर्धी, मालमोटार तीन, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार आणि बैलगाडी आठ धरली आहे. संत्र्यांच्या दिवसांत ट्रॉल्यांची रांग किती रस्ता खाते, हे ह्यावरून समजावे.

एवढे करूनही अंदाज चुकतात. डेन्मार्कचे संशोधक बेंट फ्लिव्हब्यर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली १४ देशांतील २१० कामांचा ताळा घेतला. रेल्वेच्या दहांपैकी नऊ कामांत प्रवासी फुगवून सांगितले गेले होते. रस्त्यांच्या निम्म्या कामांत अंदाज व प्रत्यक्ष ह्यांत शेकडा वीसहून अधिक तफावत निघाली. चूक नेहमी अजाण नसते. ज्याला काम हवे असते तो आकडा मोठा सांगतो. भांडवल मागणाऱ्याचा हिशेब आपण ज्या नजरेने वाचतो, त्याच नजरेने हे अहवाल वाचावेत.

ह्या बाबतीत आपल्या दर्शनाचा एक उपयोग आहे. प्रसिद्ध संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस ह्यांनी १९५४ च्या एका निबंधात जैनांच्या स्याद्वादाचा संख्याशास्त्राच्या पायाशी संबंध जोडून दाखविला होता. ‘स्यात्’, म्हणजे विशिष्ट अपेक्षेने, अमुक आहे. वाहतुकीचा प्रामाणिक अंदाजही असाच सापेक्ष असतो. कचेऱ्या पेठेजवळ राहिल्या तर इतक्या फेऱ्या, महामार्गाकडे गेल्या तर इतक्या. संत्र्यांवरील प्रक्रिया येथेच होऊ लागली तर इतकी मालमोटार, न झाली तर इतकी. जो अहवाल एकच आकडा देतो व त्यामागील ‘जर’ सांगत नाही, त्याबद्दल प्रश्न विचारावेत.

गणकाला जे घरोघर विचारून मिळत नाही, असे पुष्कळसे आपल्या वह्यांत पडून आहे : कोणत्या महिन्यात किती बिल्ट्या फाटल्या, माल कोठे गेला, कोणत्या गावचे गिऱ्हाईक कोणत्या वारी येते, हमाल व नोकर कोठून येतात. नावे व भाव झाकून हे आकडे सर्व पेढ्यांचे एकत्र करता येतात. सौंसर आणि पांढुर्णा येथील मंडळींनी एकाच नमुन्याचा तक्ता वापरावा, आणि त्यात दिनांकाबरोबर तिथीचाही रकाना ठेवावा. कारण पोळा, दिवाळी व चातुर्मास इंग्रजी महिन्यांत दरवर्षी मागेपुढे सरकतात.