बावर्ची, आचारी, शेफ

फैजपुरात लग्नाच्या मांडवामागे तुम्ही कधीतरी डोकावला असाल. तेथे चुलीवर देग चढलेली असते. बावर्ची चाचा झाकणाच्या कडेला कणीक लावून बिर्याणीला दम देत असतात. तांदूळ किती, पाणी किती, मीठ किती, हे सारे त्यांच्या अंदाजात असते. हे प्रमाण कागदावर लिहिलेले सहसा सापडत नाही. चाचा थकले की ते प्रमाणही त्यांच्याबरोबर जाते.

उर्दूत ज्यांना बावर्ची म्हणतात, त्यांना मराठीत आचारी म्हणतात. मोठ्या हॉटेलात 'शेफ' हा शब्द चालतो. तो फ्रेंच आहे. त्याचा अर्थ प्रमुख. पण कामाला लागलेला नवा मुलगा लगेच शेफ होत नाही. तो 'कॉमी' म्हणजे मदतनीस असतो. किलो किलो कांदा एकसारखा चिरायचा, ओटा पुसायचा, तासन्‌तास उभे राहायचे. हे काम कंटाळवाणे आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

शिकायचे कोठे? मुंबईत दादरला हॉटेल व्यवस्थापनाची सरकारी संस्था आहे. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने ती १९५४ मध्ये सुरू झाली. बारावीनंतर राष्ट्रीय प्रवेश परीक्षा देऊन तेथे तीन वर्षांची पदवी घेता येते. बारावीत इंग्रजी विषय मात्र हवाच. तेवढे थांबणे शक्य नसेल, तर काही आयटीआयमध्ये दहावीनंतर एक वर्षाचा 'फूड प्रॉडक्शन' अभ्यासक्रम असतो. मुलींनाही ही दोन्ही दारे उघडी आहेत.

तुम्ही म्हणाल, लखनौचे इम्तियाज कुरेशी अशा संस्थेत कोठे शिकले होते? खरे आहे. बावर्चींच्या घराण्यात जन्मलेल्या या उस्तादांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. पण घरातच उस्ताद असण्याचे भाग्य किती जणांचे? शिवाय संस्थेत आणखी काही शिकवतात. पदार्थ वजनावर करायचा, म्हणजे आजची चव उद्याही तीच येते. ५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून शिजलेले अन्न तसेच बाहेर ठेवायचे नाही. मांडवात उरलेली बिर्याणी दुसऱ्या दिवशी का बाधते, याचे उत्तर यातच आहे.

अभ्यासक्रमात काही महिने हॉटेलात प्रत्यक्ष काम करावे लागते. पुष्कळदा पहिली नोकरी त्या ओळखीतूनच मिळते. मुलाखतीत साधे ऑम्लेटही करायला सांगतात. कधी विचारतात, "तुमच्या भागातले काय येते?" तेव्हा गप्प बसू नका. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर ते वांगे कसे भाजतात, साल कधी काढतात, हिरवी मिरची व लसूण कधी घालतात, हे नीट सांगता आले पाहिजे.

आज घरी विचारून चार माणसांच्या भरिताची कृती मराठीत लिहून आणा. 'अंदाजाने' हा शब्द वापरायचा नाही. वजन ग्रॅममध्ये लिहायचे.