शाळेची श्रेणी ठरवते कोण?

प्रश्न : माझी मुलगी पवनी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीत आहे. दरवर्षी कसली ना कसली चाचणी होते, सर्वेक्षण होते, शाळेला श्रेणीही मिळते म्हणतात. पण शाळा खरोखर कशी आहे, हे आम्हा पालकांना कोणी नीट सांगत नाही. हे माप काढते कोण? आणि पाचवीच्या मुलाला काय यायला हवे, हे ठरवायचे कोणी : गुरुजींनी, अधिकाऱ्यांनी की आमदारांनी?
– एक पालक, पवनी (जि. भंडारा)

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न आधी घेऊ. काय यायला हवे हे कळल्याशिवाय ते आले की नाही, हे मोजता येत नाही.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेला. तेव्हापासून संसद आणि विधिमंडळ, दोघांनाही शाळांबाबत कायदे करता येतात. आज पहिली ते आठवीचा मुख्य कायदा केंद्राचा आहे : शिक्षण हक्क कायदा, २००९. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शाळेला काय द्यायचे, हे या कायद्यानेच बांधून दिले. प्रत्येक शिक्षकामागे एक खोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, ग्रंथालय, पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणे, साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. मुलांनी काय शिकायचे, हे मात्र लोकप्रतिनिधींनी स्वतःकडे ठेवले नाही. कलम २९ प्रमाणे ते काम शैक्षणिक प्राधिकरणाकडे आहे. महाराष्ट्रात ती जबाबदारी पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची. इयत्तावार ‘अध्ययन निष्पत्ती’, म्हणजे कोणत्या वर्गाच्या मुलाला काय यायला हवे याची यादी, २०१७ साली केंद्राच्या नियमांत आली.

मग आमदारांना यात काही जागा आहे का? आहे, आणि ती लहान नाही. २०२० साली विधिमंडळाने सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला. न पाळणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. काय शिकवायचे, हे तिथे सभागृहाने थेट ठरवले. आता दुसरी बाजू पाहा. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा आदेश १६ एप्रिल २०२५ ला निघाला तो शासन निर्णयाने. जूनमध्ये दुसऱ्या शासन निर्णयाने त्यात बदल झाला आणि २९ जूनला, पावसाळी अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, दोन्ही शासन निर्णय रद्द झाले. लाखो मुलांच्या अभ्यासावर परिणाम करणारा निर्णय अडीच महिन्यांत आला आणि गेला. असे निर्णय आधी तज्ज्ञांपुढे आणि सभागृहात चर्चेला यावेत, असे माझे ठाम मत आहे. शिक्षण हक्क कायद्याखाली राज्याने केलेला प्रत्येक नियम विधिमंडळापुढे ठेवावा लागतो, हे कायद्यातच लिहिले आहे. ती तरतूद नुसते कागद पटलावर ठेवण्यापुरती राहू नये.

आता मापाकडे वळू. तुमच्या शाळेभोवती निदान चार मापे फिरत असतात आणि चारही वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

पहिले केंद्राचे ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षण. ते ४ डिसेंबर २०२४ ला तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांचे झाले. त्यासाठी काही शाळा नमुना म्हणून निवडतात. त्यावरून भंडारा जिल्हा कुठे आहे ते कळते. तुमच्या शाळेबद्दल ते काही सांगत नाही.

दुसरे ‘प्रथम’ संस्थेचे ‘असर’. २००५ पासून चालू असलेल्या या पाहणीत स्वयंसेवक मुलांची चाचणी शाळेत नव्हे, घरी येऊन घेतात. जिल्ह्यातली ३० गावे आणि गावातली २० घरे निवडून मुलाला अक्षर, शब्द, छोटा उतारा आणि शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. हेही चित्र जिल्ह्याचे किंवा राज्याचे. पण ही रीत इतकी सोपी आहे की कोणतीही आई घरी ओट्यावर बसून ती करून पाहू शकते.

तिसरे माप म्हणजे शाळेचे मूल्यांकन. आधी ‘शाळा सिद्धी’ होते, आता गुणवत्ता मूल्यांकनाचा नवा आराखडा आला आहे. यात शाळा प्रथम स्वतःच स्वतःचे मूल्यमापन करते. इमारत, साधने, अध्यापन, व्यवस्थापन, पालकांचा सहभाग असे सगळे त्यात येते. तुम्ही ऐकता ती श्रेणी बहुधा इथली. ती उपयोगाची आहे, पण मुलीला भागाकार येतो का, याचे उत्तर त्या श्रेणीत शोधू नका.

चौथे माप तुमच्या सर्वांत जवळचे : पायाभूत आणि संकलित चाचण्या. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी या विषयांच्या या चाचण्या तुमच्या मुलीच्या वहीपर्यंत पोचतात. त्यांचा खरा उपयोग गुणांत नाही, चुकांत आहे. एक उदाहरण घ्या. ६३ मधून २७ वजा करायला दिले आणि मुलाने ४४ लिहिले. गुण शून्य. पण उत्तर नीट पाहा. सातातून तीन गेले चार, सहातून दोन गेले चार. मूल वर-खाली न पाहता प्रत्येक वेळी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते आहे. त्याला वजाबाकी येते, हातचा कळलेला नाही. हे हेरणारा शिक्षक दशकाच्या काड्यांचा एक गठ्ठा सोडून दाखवेल आणि बहुतेक मुलांची अडचण तिथेच सुटेल. संगणकात ‘०’ भरून पुढे गेलो, तर ते मूल तिथेच अडकून राहते.

मुलगी पाचवीत आहे म्हणून आणखी एक गोष्ट. शिक्षण हक्क कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली आणि अनुत्तीर्ण मुलाला त्याच वर्गात ठेवायची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्राने ही परीक्षा २०२३-२४ पासून सुरू केली. अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला पुरवणी परीक्षेची संधी मिळते. त्यातही न जमल्यास त्याला त्याच वर्गात ठेवता येते, मात्र आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. म्हणून वार्षिक परीक्षेची वाट पाहू नका, संकलित चाचणीची उत्तरपत्रिका आताच पाहा.

‘मग सगळ्या शाळांचे निकाल लावून खालच्यांना शिक्षा का करत नाहीत?’ असेही विचारले जाते. अमेरिकेने ते करून पाहिले. २००२ मध्ये लागू झालेल्या कायद्याने दरवर्षीच्या चाचण्यांना शाळांवरच्या कारवाईशी जोडले आणि २०१४ पर्यंत प्रत्येक मूल प्रवीण व्हावे, असे बजावले. २०११ साली अटलांटा शहरातल्या चौकशीत ४४ शाळांत उत्तरे बदलल्याचे आणि १७८ शिक्षक-अधिकारी त्यात गुंतल्याचे उघड झाले. अखेर २०१५ मध्ये तो कायदाच बदलावा लागला. आपल्याकडेही गोसीखुर्द धरणाने उठलेल्या गावच्या पुनर्वसित वसाहतीतली शाळा, रोवणीच्या दिवसांत रिकामी होणारी शाळा आणि शहरातली भरलेली शाळा यांना एकाच रांगेत उभे करणे अन्यायाचे आहे. शाळेला तिच्याच गेल्या वर्षाशी ताडून पाहावे.

तपासणी मात्र हवीच. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी सांगितले होते की अधिकाऱ्याने वर्षातून एकदा शाळेला भेट देऊन काही साधत नाही. निदान तीन महिन्यांनी एकदा आणि कधी आगाऊ न कळवता जावे. सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली, तरी ती सूचना जुनी झालेली नाही.

आज ही तपासणी कायद्याने तुमच्याही हातात आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळा विकास आराखडा करण्याचे काम याच समितीचे. मुलाची प्रगती पालकांना सांगणे हे शिक्षकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. आणि जनगणना, निवडणूक व आपत्ती निवारण सोडून शिक्षकाला इतर अशैक्षणिक काम देता येत नाही, हे त्यांचे संरक्षण आहे. गुरुजींकडून हिशेब मागणाऱ्याने त्यांच्यासाठीही उभे राहिले पाहिजे.

तेव्हा समितीच्या पुढच्या बैठकीला जा आणि तीन गोष्टी मागा : पाचवीची अध्ययन निष्पत्ती भिंतीवर लावलेली, मुलीची तपासलेली उत्तरपत्रिका आणि शाळेचा विकास आराखडा. खोली, पाणी किंवा शिक्षक कमी असेल तर ठराव लिहून केंद्रप्रमुखांकडे द्या, मग पवनी पंचायत समितीच्या गट शिक्षणाधिकाऱ्यांकडे, मग भंडाऱ्याला जिल्हा परिषदेत. तरीही हालचाल झाली नाही, तर ठरावाची प्रत आमदारांना देऊन नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात प्रश्न विचारायला सांगा. निकषांप्रमाणे शाळेला सगळे मिळाले की नाही, याचा जाब सरकारला विचारणे हे सभागृहाचे काम आहे आणि तो विचारायला लावणे आपले.