पुलावरील पायवाट

आपल्या आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते. आपले तेलुगू बांधव तिला पेनगंगा म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावून ती वर्धेला मिळते, आणि तिचे पाणी पुढे प्राणहितेच्या वाटेने गोदावरीत जाते. नकाशावर ती तेलंगण आणि महाराष्ट्र या दोन राज्यांची सीमारेषा आहे. परंतु सोयरिकीच्या आणि बाजारहाटाच्या व्यवहारात तिला सीमा असे कोणी मानीत नाही. अलीकडच्या गावात मुलगी दिलेली असते, पलीकडच्या गावात मामाचे घर असते. श्रीनगरहून कन्याकुमारीस जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४, ज्याला वडील मंडळी अजून जुन्या सवयीने सात नंबरचा रस्ता म्हणतात, तो डोल्लाऱ्याजवळ ही नदी ओलांडून पांढरकवड्याकडे व पुढे नागपूरकडे जातो.

मागे एकदा वर्गात नद्यांचा पाठ चालू असता मी सहज विचारले, "तुमच्यापैकी आपल्या गावाजवळच्या नदीवरचा किंवा ओढ्यावरचा पूल पायी ओलांडलेले किती जण आहेत?" बहुतेक सर्वांचे हात वर झाले. "आणि ओलांडताना काय वाटते?" यावर मागच्या बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली, "सर, ट्रक आला की आम्ही कठड्याला पाठ लावून उभे राहतो आणि तो जाईपर्यंत डोळे मिटून घेतो." वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. प्रस्तुत लेखाचे मूळ त्या उत्तरात आहे.

साध्या रस्त्यावर वाहन अंगावर आले तर माणूस साइडपट्टीवर उतरतो, तेथून शेतात उतरतो, प्रसंगी नालीतही उडी घेतो. कपडे खराब होतात, जीव वाचतो. पुलावर यांपैकी काहीच शक्य नसते. एका बाजूस वाहन, दुसऱ्या बाजूस कठडा आणि कठड्याच्या पलीकडे नदी. शिवाय रस्ता टाळून पांदीने जाता येते, पण पुलाला दुसरी वाट नसते. नदीपलीकडे जायचे तर तेथूनच गेले पाहिजे. म्हणून पायी चालणाऱ्याला आणि सायकलस्वाराला स्वतंत्र, राखून ठेवलेली वाट कोठे सर्वांत आधी हवी असेल, तर ती पुलावर, असे माझे मत आहे.

येथे भाषेची एक गंमत सांगण्याचा मोह होतो. माझी मातृभाषा कोकणी. आमच्या कोकणीत पुलाला 'सांकव' म्हणतात. मराठीत 'साकव' म्हणजे ओढ्यावर लाकडे किंवा बांबू टाकून केलेला, माणसांपुरता छोटा पूल. दोन्हींचे मूळ संस्कृत 'संक्रम', म्हणजे ओलांडून जाण्याचे साधन. हा शब्द रूढ झाला तेव्हा ओलांडणारा मुख्यतः पायीच चालत होता. पूल पहिल्याने त्याचा होता. गाड्या मागाहून आल्या. आज चौपदरी पुलावर त्याच मूळ मालकाला चोरासारखे अंग आकसून चालावे लागते, हा काळाचा उलटा न्याय म्हणायचा.

माझ्या लहानपणी गावच्या खाडीवरील पुलावरून वडील मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेत. मागून मोठा ट्रक आला की आधी वारा आम्हांस बाहेरच्या बाजूला ढकली आणि ट्रक पुढे गेला की तोच वारा आत ओढी. वडील एवढेच म्हणत, "घट्ट धर." पुढे पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात हवेच्या दाबाचा धडा वाचला तेव्हा उलगडा झाला. धावणारे मोठे वाहन आपल्या पुढची हवा बाजूला लोटते, म्हणून तेथे दाब वाढतो. त्याच्या बाजूने व मागे दाब कमी होतो, म्हणून सायकल वाहनाकडे खेचली जाते. मोकळ्या रस्त्यावर सायकल हातभर हलली तर काही बिघडत नाही. पुलावर तेवढीच जागा शिल्लक असते.

वेगाचा हिशेबही पाहा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे तुम्ही शिकला आहात. ताशी ३० किलोमीटर वेग म्हणजे सुमारे ३.५ मीटर उंचीवरून पडताना जमिनीला टेकतेवेळी येणारा वेग. ताशी ६० म्हणजे सुमारे १४ मीटर उंची, चार मजली इमारतीची गच्ची. वेग दुप्पट, पण उंची चौपट. म्हणून "चालकांनी जरा जपून हाकावे" या उपदेशाने भागत नाही. ज्या वाहनांचा वेग एवढा आहे त्यांच्या आणि माणसाच्या मध्ये काही तरी भक्कम वस्तू हवी. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील ३२,८२५ पादचारी होती. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक माणूस कोणत्याही वाहनात बसलेला नव्हता.

आता ही वाट बांधावी कशी? आपल्या देशात रस्त्यांची आणि पुलांची मापे 'इंडियन रोड्स काँग्रेस' ही संस्था ठरवून देते. तिची स्थापना १९३४ सालची. आणि ती ज्या समितीच्या शिफारशींतून निघाली त्या समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. या संस्थेच्या नियमांप्रमाणे पुलावरील पायवाट निदान १.५ मीटर रुंद असावी. आणि पादचाऱ्यांच्या सोयींविषयीच्या तिच्या मार्गदर्शिकेत मोकळी रुंदी निदान १.८ मीटर सांगितली आहे, कारण तेवढ्यात चाकांच्या दोन खुर्च्या एकमेकींना ओलांडू शकतात. मोकळी रुंदी म्हणजे दिव्याचा खांब, फलक, पाण्याचा नळ वगळून उरलेली. हे मापताना लोक विसरतात.

पायवाटेवरचा भार हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. गर्दीने चालणाऱ्या माणसांसाठी दर चौरस मीटरला ४०० किलोग्रॅम भार धरतात; शहराजवळ किंवा यात्रेच्या ठिकाणी ५००. पुलाची लांबी १०० मीटर आणि वाट १.५ मीटर रुंद धरली तर १५० चौरस मीटर होतात. ४०० ने गुणले तर ६०,००० किलोग्रॅम, म्हणजे ६० टन, आणि तेही एकाच बाजूला. सबंध लांबी एकाच वेळी इतकी भरणे दुर्मीळ, म्हणून मुख्य तुळयांच्या हिशेबात हा आकडा काही नियमांनी कमी करतात. पण तुळया आणि खांब यांना तो भार आधीच ठाऊक असावा लागतो. "आज पूल होऊ द्या, पायवाट मागाहून जोडू" हे बोलणे म्हणून पोकळ आहे. घराला ओसरी मागाहून जोडता येते, कारण तिचे खांब जमिनीवर उभे राहतात. पुलाची ओसरी पुलाच्याच खांद्यावर टांगावी लागते.

भक्कम आडभिंत कोठे घालावी, यात तर हटकून चूक होते. वाहन नदीत पडू नये म्हणून पुलाच्या अगदी बाहेरच्या कडेला काँक्रीटची जाड भिंत बांधायची आणि पायवाट तिच्या आत, वाहनांच्या शेजारी ठेवायची, म्हणजे चालणारा भिंत आणि वाहन यांच्या मध्ये सापडला. भिंत रस्ता आणि वाट यांच्या मध्ये हवी. बाहेरच्या बाजूस नुसता उंच कठडा पुरतो. वीतभर उंचीची कड बांधून दोहोंचा निवाडा झाला असे समजू नये, कारण भरलेला ट्रक त्या कडेवरून सहज चढतो. सायकलस्वाराचा गुरुत्वमध्य चालणाऱ्याच्या गुरुत्वमध्याहून उंच, त्यामुळे तोल जाताच तो बेताच्या कठड्यावरून बाहेर फेकला जाऊ शकतो. म्हणून सायकलींसाठी ब्रिटनमध्ये कठडा १.४ मीटर ठेवतात.

लहानशा गोष्टीही जिवावर बेततात. काँक्रीट तापले की वाढते: तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर १०० मीटर लांबीत सुमारे ३.६ सेंटिमीटर. आपल्या जिल्ह्यातील मे महिना आणि डिसेंबरची पहाट ज्याने अनुभवली आहे, त्याला हा फरक समजावून सांगायला नको. म्हणून पुलात फटी ठेवतात, आणि त्या फटींवर नीट पट्टी नसेल तर सायकलचे चाक आपटते. पाणी जाण्याच्या जाळीच्या सळया रस्त्याच्या दिशेने असल्या तर चाक आत अडकते. त्या आडव्या असाव्यात. पुलावर चढण्यासाठी पायऱ्या नकोत, सौम्य उतार हवा. आणि पुलावर उत्तम असलेली वाट भरावाच्या रस्त्यावर येताच नाहीशी होऊ नये, नाही तर ती वाट म्हणजे दोन्ही टोकांना दार नसलेली खोली.

हे सर्व परदेशी लाडाकोडाचे आहे, असे कोणी म्हणेल. कलकत्त्याचा हावडा पूल १९४३ साली, ऐन महायुद्धात, रहदारीसाठी खुला झाला. त्याचा वाहनांचा रस्ता ७१ फूट रुंद, आणि दोन्ही अंगांस १५-१५ फुटांच्या पायवाटा आहेत. त्याच्या बांधणाऱ्यांनी हमाल, फुलवाले, चाकरमाने यांचा हिशेब पहिल्याच नकाशात धरला होता. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल १८८३ चा. त्यावर चालणाऱ्यांची वाट वाहनांच्या वर, मधोमध उचलून घेतलेली आहे. पुढे सायकली आणि माणसे यांची त्या वाटेवर टक्कर होऊ लागली, तेव्हा २०२१ साली तेथील अधिकाऱ्यांनी मोटारींची एक पट्टी काढून ती सायकलींना दिली. मोटारींच्या त्या शहराने हे केले, याचे मला विशेष वाटते.

आमच्या गोव्यात मांडवीवर पणजीजवळ तीन पूल आहेत. पूर्वीचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा दोन्ही तीरांवरील लोकांना पुन्हा फेरीबोटीची कास धरावी लागली. २०१९ साली बांधून झालेला अटल सेतू दिसायला देखणा आहे, पण त्यावर दुचाकींना मज्जाव. अर्थात पणजीहून बेतीकडे जाणाऱ्या पादचाऱ्याला आजही फेरीबोट आहे. जेथे बोट नाही, तेथे पुलाने पाठ फिरवली तर माणसाने जायचे कोठून?

काही ठिकाणी नवा पूल झाल्यावर जुना पूल चालणाऱ्यांना देतात. पुण्याचा १८६७ सालचा फिट्झगेराल्ड पूल, ज्याला बंडगार्डनचा पूल म्हणतात, तो असाच वाहनांच्या जाचातून सुटला. ही युक्ती स्वस्त आणि चांगली आहे. पण तपासणीवाचून ती करू नये. कारवारजवळ काळी नदीवरील जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर कोसळला. तो अवघा चाळिशीच्या आसपासचा होता. आणि १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली पडून चार माणसे गेली. वर दिलेला चौरस मीटरचा हिशेब केवळ परीक्षेपुरता नाही, तो यासाठी.

"महामार्गावरून पायी जातो कोण?" हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे. जाणारे थोडे दिसतात हे खरे. पण वर्गातील ती मुलगी आजीकडे एरवी का जात नाही, आणि कापसाच्या हंगामात लवकर अंधार पडू लागला की तिची आई मुलांना पुलापलीकडे का पाठवीत नाही, हे मोजणाऱ्याच्या वहीत कोठे लिहिले जाते? १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, पदपथ वापरण्याचा पादचाऱ्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, आणि पदपथ अपंगांनाही वापरता येतील असे असले पाहिजेत. नागरिकशास्त्राच्या तासाला हे कलम पाठ करताना आपल्या गावचा पूल डोळ्यांसमोर आणावा.

सुटीत करण्यासारखे एक काम सांगतो. आपल्या गावच्या ओढ्यावरील पूल, वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन, दिवसाउजेडी मोजा. महामार्गावरील पुलाच्या वाटेस मात्र जाऊ नका. तेथील मोजमाप आपण रीतसर परवानगी काढून शिक्षकांसह करू. पायवाटेची मोकळी रुंदी, कडेची उंची, कठड्याची उंची, फटी, जाळीच्या सळयांची दिशा आणि दिवा आहे की नाही, एवढे लिहावे. नंतर अर्ध्या तासात किती माणसे पायी गेली, किती सायकलवर, त्यांत बायका, मुले व म्हातारी माणसे किती, हे टिपावे. जेथे पायवाट नाही तेथे डाव्या हाताने चालू नका. समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने उजव्या कडेने चाला. सायकल मात्र डाव्या बाजूनेच हाकावी, आणि तिला मागे लाल परावर्तक लावून घ्यावा.

आकडे जमले म्हणजे त्यांचा तक्ता करून, मराठीत आणि तेलुगूत असा दोन्ही भाषांत अर्ज लिहू व तो ग्रामपंचायतीमार्फत वर पाठवू. तेलुगू मजकुरासाठी तेलुगूच्या शिक्षकांनी मदत करण्याचे कबूल केले आहे. मोजण्याची फीत विज्ञानशाळेच्या कपाटात आहे. नेणाऱ्याने वहीत सही करावी आणि आठ दिवसांत ती परत आणून द्यावी.